गुणफलकाचं काय ते गुणफलक बघेल

अमेरिकन फुटबॉल हा प्रकार आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. नावात फुटबॉल, पण चेंडू बराच वेळ हातातच. शिवाय डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर चिलखत... माणसं खेळायला आली आहेत की लढाईला, असा प्रश्न पडावा. तरीही आज त्या खेळातल्या एका प्रशिक्षकाबद्दल लिहावंसं वाटतंय. नियम माहीत नसले तरी अडणार नाही, काळजी नसावी.

या प्रशिक्षकाचं नाव बिल वॉल्श. सिनसिनाटीच्या संघात तो आठ वर्षं सहायक होता. १९७६ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउन बाजूला झाले आणि त्यांनी आपल्या जागी दुसऱ्याच सहायकाला बसवलं. हे वॉल्शच्या मनाला फार लागलं. पुढे १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फोर्टीनाइनर्स' या संघानं त्याला बोलावलं तेव्हा तो ४७ वर्षांचा होता, आणि संघाची अवस्था अशी की आदल्या मोसमात १६ पैकी १४ सामने हरलेले!

अशा वेळी नवा माणूस सहसा घोषणा करतो, तीन वर्षांत चषक आणतो वगैरे. वॉल्शनं जिंकण्याची तारीख दिली नाही. त्यानं कामाचा दर्जा ठरवून दिला, आणि तोही सगळ्यांसाठी. कचेरीत फोन उचलणाऱ्यानं कसं बोलावं, इथपासून सुरुवात. सरावात शर्ट खोचलेला हवा. मैदानावर बसकण मारायची नाही. चेंडू झेलायला धावणाऱ्यानं नेमकं कुठे वळायचं, हे वारंवार घोटून घ्यायचं. सामन्यातल्या सुरुवातीच्या पंधरा-वीस चाली तो आधीच कागदावर लिहून ठेवायचा, कारण प्रेक्षकांचा गोंगाट आणि अंगावर आलेलं दडपण यात माणसाला नीट सुचत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. शांत खोलीत घेतलेला निर्णय जास्त भरवशाचा, असा साधा हिशेब. एवढं सगळं नीट केलं की गुणफलकाचं काय ते गुणफलक बघेल, ही त्याची धारणा. त्याच्या आठवणींवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये आलं, त्याचं नावही हेच - 'द स्कोअर टेक्स केअर ऑफ इटसेल्फ'.

हे ऐकून आपल्यापैकी कुणालाही गीता आठवेल. मलाही आठवली. पण मजा पुढेच आहे.

पहिल्या वर्षी निकाल काय लागला? पुन्हा १६ पैकी १४ सामने हरले! अगदी आदल्या वर्षीइतकेच. दुसऱ्या वर्षी, १९८० मध्ये, पहिले तीन सामने जिंकले आणि मग ओळीनं आठ हरले. त्यातला आठवा मायामीत, १७-१३ असा थोडक्यात गेलेला. त्या रात्री परतीच्या विमानात वॉल्श अंधारात बसून रडला. खेळाडूंना दिसू नये म्हणून सहायक त्याच्याभोवती उभे राहून गप्पा मारत असल्याचं नाटक करत होते. राजीनामा द्यायचं त्याच्या मनात पक्कं होत आलं होतं. पण प्रवास संपेपर्यंत सावरला आणि पुढच्या सामन्याच्या तयारीला लागला.

पुढचे तीन सामने ते जिंकले. तिसऱ्यात तर मध्यंतराला ३५-७ असे मागे होते, आणि ३८-३५ नं जिंकले. त्या विमानप्रवासानंतर चौदा महिन्यांनी, जानेवारी १९८२ मध्ये, हाच संघ सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, जिंकला. हरवलं कुणाला? सिनसिनाटीला! असले योगायोग कादंबरीत लिहिले तर खोटे वाटतील.

इथे थांबलं तर ही एक छान बोधकथा होते, आणि व्यवस्थापनाच्या वर्गात ती बहुधा इथेच थांबवतात. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८५ मध्ये दुसरा सुपर बोल आला. मालक एडी डीबार्टोलो यांच्या अपेक्षा वाढल्या, गावाच्या वाढल्या, आणि वॉल्शच्या स्वतःच्या तर सगळ्यात जास्त. जिंकल्याचा आनंद होईना, फक्त सुटल्यासारखं वाटायचं. हरलं की मात्र आभाळ कोसळायचं. १९८७ च्या मोसमात संघ उत्तम खेळला, पण बाद फेरीत मिनेसोटाकडून घरच्या मैदानावर हरला. त्यानंतर मालकांनी वॉल्शचं अध्यक्षपद काढून घेतलं. ज्या फलकाकडे बघू नका असं तो सगळ्यांना शिकवत होता, त्याच फलकावर आता तो स्वतःला मोजत होता.

जानेवारी १९८९ मध्ये तिसरा सुपर बोल. समोर पुन्हा सिनसिनाटी. तीन मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला, तीन गुणांनी मागे, आणि चेंडू न्यायचाय ९२ यार्ड. ज्यो मोंटॅनानं एकेक पाऊल मोजत संघ पुढे नेला आणि ३४ सेकंद बाकी असताना निर्णायक फेक केली. २०-१६! सामन्यानंतर खेळाडूंच्या खोलीत वॉल्श मुलाला मिठी मारून रडला. लवकरच त्यानं पद सोडलं.

एकदा हरल्यावर रडला, एकदा जिंकल्यावर. मला विचाराल तर दुसरं रडणं जास्त थकलेल्या माणसाचं आहे.

पुढच्याच मोसमात त्याचा सहायक जॉर्ज सीफर्ट याच्या हाताखाली त्याच संघानं सुपर बोल ५५-१० असा जिंकला. म्हणजे वॉल्शनं घालून दिलेला दर्जा त्याच्याशिवायही टिकला. त्याचं म्हणणं खरंच ठरलं म्हणायचं, फक्त ते खरं ठरताना तो तिथे नव्हता. लवकर सोडलं याची त्याला पुढे खंत वाटत राहिली. २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं तो गेला.

फळाची चिंता करू नये हे जिंकायच्या आधी पाळणं त्यामानानं सोपं असावं, कारण तेव्हा हाताशी फळच नसतं. तीनदा चाखल्यावर पाळायचं म्हणजे कसोटी. वॉल्शनं संघासाठी सगळं लिहून ठेवलं होतं, शर्ट खोचण्यापर्यंत. प्रशिक्षकानं रात्री झोपावं कसं, एवढं मात्र त्या यादीत नसावं. आपल्याही याद्यांमध्ये ते कुठे असतं म्हणा...

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.