हातानें शिकलेलें विज्ञान

विज्ञानाचें शिक्षण म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकाचें पाठांतर, ही समजूत आपल्याकडे फार दिवस चालत आली आहे. चुंबकाचे सजातीय ध्रुव एकमेकांस दूर लोटतात, हें बिनचूक म्हणून दाखविणाऱ्या मुलानें पुष्कळदां चुंबक हातांतहि घेतलेला नसतो. ही समजूत मोडण्याचा एक अत्यंत निश्चयी प्रयत्न होशंगाबाद जिल्ह्यांत झाला. यवतमाळकरांस हें नांव परकें वाटूं नये. १९०३ मध्यें वऱ्हाड प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला, तेव्हांपासून १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत येईपर्यंत या दोन्ही जिल्ह्यांचा कारभार नागपुराकडेच होता. वेगळ्या निघालेल्या भावाच्या घरीं पुढें काय घडलें, हें पाहणें अगत्याचें आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील जीवशास्त्रज्ञ डॉ. अनिल सदगोपाल यांनीं संशोधनाचें स्थिर पद सोडलें आणि होशंगाबाद जिल्ह्यांतील एका खेड्यांत 'किशोर भारती' ही संस्था काढली. १९७२ मध्यें ही संस्था व रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर यांनीं मिळून सोळा शाळांत नवें विज्ञानशिक्षण सुरू केलें. टाटा संस्थेंतील शास्त्रज्ञ आणि मागाहून दिल्ली विद्यापीठांतील प्राध्यापक त्यांत सामील झाले. १९७८ मध्यें जिल्ह्यांतील सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांत तें सर्वत्र लागू झालें. १९८२ पासून त्याची धुरा 'एकलव्य' संस्थेनें वाहिली.

वर्गाचें रूप साधें होतें. चार-चार मुलांची टोळी करावी, प्रयोग करावा, दिसेल तें लिहावें व त्यावर वाद घालावा. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत उत्तरें नव्हतीं, प्रश्न होते. फूल उकलावयास सुईच्या जागीं बाभळीचा कांटा येई. पुण्याच्या टेल्कोंतील तरुण अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्यें रजा घेऊन तेथें गेले. त्यांनीं सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगकाडी जोडून भूमितीच्या आकृति उभ्या केल्या. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं जें कार्य केलें, त्याचें मूळ या खेडेगांवच्या शाळांत आहे.

परंतु साहित्याची पेटी शाळेंत पोंचविली म्हणजे कार्य झालें, असें मात्र नव्हे. कुलुपांत धूळ खात पडलेल्या प्रयोगपेट्या कोणी पाहिल्या नाहींत? होशंगाबादचें वैशिष्ट्य हें कीं, तेथें परीक्षाहि बदलली. मुलांनीं पुस्तक व वही जवळ ठेवून उत्तरें लिहावयाचीं आणि प्रयोगहि करून दाखवावयाचा, असा नियम झाला. शिक्षकांच्या मासिक बैठका होत; वर्गांत अडलेला धडा तेथें पुन्हां तपासला जाई. शिकवावयास गेलेल्या पंडितांसहि त्या बैठकांत पुष्कळ शिकावें लागलें.

तरीहि २००२ मध्यें मध्यप्रदेश सरकारनें हा उपक्रम बंद केला. तीस वर्षांचें काम सरकारी आज्ञेनें थांबूं शकतें, हा त्यांतील कटु पाठ.

महाराष्ट्रांत १९७४ मध्यें मुंबईस होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झालें. डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालीं त्यानें जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा येथें ग्रामीण शाळांशीं संबंध जोडला. मुलांस अडतें तें पुष्कळदां विज्ञान नसून पाठ्यपुस्तकाची अवघड मराठी असते, हें कुलकर्णींनीं सप्रयोग दाखविलें. यवतमाळ जिल्ह्यास तर हा मुद्दा विशेष लागू आहे. येथें कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी घरीं बोलणारें मूल शाळेंत येतें, तेव्हां ग्रांथिक मराठी हीच त्याच्यापुढील पहिली भिंत होते.

या भिंतींत दार पाडण्यास महाग उपकरण लागत नाहीं. शेतांतील कापसाची सरकी काढून त्याची रुई पाण्यांत टाकावी; ती तरंगत राहते. दवाखान्यांतील कापूस टाकावा. तो भिजून बुडतो. दोन्ही कापूसच, मग हा भेद कां? ती रुई धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत चांगली उकळून, धुवून व वाळवून पुन्हां टाकली, तर तीहि पाणी शोषूं लागते. तंतूवरील मेणाचा नैसर्गिक लेप गेला, हें कारण मग समजतें. ज्याच्या अंगणांत कापूस पडलेला असतो, त्या मुलास हा प्रश्न कोणत्याहि भाषेंत विचारतां येतो.

मात्र तो विचारल्यावर गुरुजींना एखादे वेळीं म्हणावें लागेल, "मला ठाऊक नाहीं, आपण करून पाहूं." असें म्हणणाऱ्या शिक्षकास कमी न लेखतां त्याच्या पाठीशीं उभें राहणें, हेंच महाविद्यालयांतील विद्वानांचें शाळेंतील खरें काम होय. होशंगाबादेंत तें कांहीं काळ घडलें. म्हणून तो इतिहास यवतमाळांत वाचण्यासारखा आहे.