ओझं

आमच्या शेजारी एक सुभेदार काका राहतात. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बर्फातल्या ठाण्यांवर नोकरी काढलेला माणूस, पण आज चार पायऱ्या चढायच्या तर भिंतीला हात लावून चढतात. दोन्ही गुडघे गेलेत. त्यांचा नातू सध्या अग्निवीर भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला उठून तुळजापूर रस्त्याला पळायला जातो.

परवा त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ आणून दाखवला. एक सैनिक, त्याच्या कमरेपासून पावलांपर्यंत धातूचा सांगाडा बांधलेला, सांध्यांवर मोटारी, पाठीवर भलंमोठं ओझं आणि गडी आरामात चढ चढतोय. याला 'एक्सोस्केलेटन' म्हणतात. खेकड्याचा सांगाडा कसा अंगाबाहेर असतो, तसा माणसाला बाहेरून घातलेला सांगाडा.

"आबा, हे तुमच्या वेळेला असतं तर गुडघे वाचले असते," नातू म्हणाला.

काकांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "गुडघे वाचले असते का नाही ते माहीत नाही. पण साहेबानं त्याच्यावर अजून एक पेटी चढवली असती, हे नक्की."

आम्ही हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग वाचत गेलो आणि वाचता वाचता परत परत आपल्याच जिल्ह्यात येऊन पोचलो.

आधी परंडा. विजापूरला बुरुजावर ठेवलेली मुलूखमैदान तोफ पुष्कळांनी पाहिली असेल. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. ही तोफ बरीच वर्षं आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली म्हणतात. परंडा ते विजापूर रस्ता डोळ्यासमोर आणा, आपली काळी माती आणा आणि ती चाकं किती रुतली असतील याचा विचार करा.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६३४ मध्ये, शाहजादा शुजा आणि महाबतखान मोठं मोगल सैन्य घेऊन परंड्याला वेढा घालून बसले. किल्ला काही पडला नाही. का पडला नाही, तर एक मोठं कारण होतं चारा. जवळपासचं गवत-लाकूड संपलं. घोड्या-बैलांसाठी वैरण आणायला छावणीपासून कोस कोस लांब जावं लागे आणि त्या वैरणीच्या टोळ्यांवर विजापुरी फौज तुटून पडे. शेवटी पावसाळा तोंडावर आला आणि वेढा उठवावा लागला.

म्हणजे ओझं ओढायला जनावर, जनावराला चारा, चारा आणायला माणसं आणि त्या माणसांच्या रक्षणाला पुन्हा सैन्य. ओझं हलकं करायला आणलेली गोष्ट स्वतःच एक ओझं होऊन बसते.

आता त्या सांगाड्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, कुठे परंड्याचे बैल आणि कुठे ही मोटार! पण हा इतिहास बघा. १८९० मध्ये निकोलस याग्न नावाच्या रशियन गृहस्थाने चालायला-पळायला मदत करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 'हार्डिमन' नावाचा सांगाडा बनवायला घेतला. त्याचं स्वतःचं वजन ६८० किलो! त्याचा एक हात कसाबसा चालला, पण पूर्ण यंत्र चालू केलं की ते बेभान हलायला लागे. आत माणूस घालून ते पूर्ण चालवायची हिंमत कोणी केली नाही. १९७१ च्या सुमाराला प्रकरण गुंडाळलं.

२००० नंतर अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेने यात पुन्हा पैसा ओतला. 'हल्क' नावाचा सांगाडा २००९ मध्ये लोकांसमोर आला. तो ९० किलो वाहू शकतो असं सांगत. ओझं खांद्यावर न येता सांगाड्यातून थेट जमिनीत उतरतं, ही कल्पना खरोखर चांगली. पण चालताना पाय नुसते उभे नसतात, ते सारखे पुढे फेकायचे असतात. पायाला बांधलेलं प्रत्येक किलो पाठीवरच्या किलोपेक्षा जास्त दमवतं. असे सांगाडे घालून चालणाऱ्यांचा प्राणवायूचा वापर मोजला, तर काही चाचण्यांत तो कमी होण्याऐवजी वाढलेला निघाला. आणि बॅटरी? ती काही तासांची सोबतीण. 'एक्सओएस २' नावाचा दुसरा सांगाडा ताकदवान होता, पण त्याला वीज लांब वायरीतून पुरवावी लागे. २०१३ मध्ये टॅलोस नावाने चिलखतासकट अख्खा पोशाख बनवायचा घाट घातला, तो २०१९ मध्ये सोडून दिला.

बॅटरी म्हणजे आजची वैरण. परंड्याला जे अडलं, तेच इथे अडलं.

गंमत म्हणजे २०१५ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी घोट्याला लावायचं एक हलकं साधन केलं. त्यात ना मोटार ना बॅटरी. नुसती स्प्रिंग आणि एक क्लच. त्याने चालण्याचे कष्ट सुमारे सात टक्क्यांनी कमी झाले. साधी गोष्ट, पण उपयोगी पडली.

आपल्याकडेही हे काम चालू आहे. बंगळुरूला डीआरडीओची डेबेल नावाची प्रयोगशाळा आहे, तिथे सैनिकांसाठी असा सांगाडा विकसित होतोय. १५ जानेवारी २०२५ ला पुण्यात खडकीला सेना दिनाचं संचलन झालं, त्यात चार पायांची यांत्रिक खेचरं चालली. हा दुसरा रस्ता. माणसाला यंत्र बांधण्यापेक्षा ओझंच यंत्रावर टाकायचं. अजून ती फार वजन वाहत नाहीत, पण निदान त्यांचे गुडघे दुखत नाहीत.

तिसरा रस्ताही आहे आणि तो आपल्याला चांगला ठाऊक आहे. ओझंच कमी करायचं. शिवाजी महाराजांचं सैन्य मोगलांना भारी पडलं, त्यात मोठा वाटा हलकेपणाचा होता. प्रतापगडाला १६५९ मध्ये महाराज गेले तेही चिलखत अंगरख्याखाली घालून, हालचालीला अडथळा न होईल असे. पुढे शंभर वर्षांनी आपणच ते विसरलो. जड तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू असा सगळा संसार घेऊन पानिपतावर गेलो आणि १४ जानेवारी १७६१ ला त्याची किंमत मोजली. त्या आधी कितीतरी दिवस छावणीत माणसं-जनावरं उपाशी होती. पुन्हा चारा.

अमेरिकी लष्करी लेखक मार्शल यांनी १९५० मध्येच लिहून ठेवलं होतं की सैनिकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त ओझं घालू नये. आणि २००३ मध्ये अफगाणिस्तानात त्यांच्याच पायदळाचं कूच करतानाचं ओझं मोजलं, ते सरासरी ४५ किलोच्या वर! मधल्या काळात प्रत्येक वस्तू हलकी झाली, तरी एकूण ओझं वाढलं. काका म्हणाले ते हेच. जागा दिसली की पेटी चढते.

आता शेवटचं, नळदुर्गचं. १३ सप्टेंबर १९४८. पोलीस ॲक्शनची पहिली पहाट. सोलापूरहून निघालेली भारतीय फौज नळदुर्गपाशी आली. त्यात दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग होते. मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाताना, अगदी तीसेक यार्डांवर, त्यांच्या मांडीत गोळ्या घुसल्या. पाय निकामी झाला. ते सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून ते ठाणं गप्प केलं. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं.

आपण नळदुर्गला पाणी महाल बघायला जातो, धबधब्याचे फोटो काढतो. ही गोष्ट किती जणांना माहीत असते? मलाही उशिराच कळली.

मी ती काकांना आणि नातवाला सांगितली. नातू म्हणाला, "बघा, सांगाडा असता तर ते उठले असते." मला वाटलं काका काहीतरी धीराचं बोलतील, जिगर वगैरे. ते म्हणाले, "असता तर बरंच होतं की. पोरगं घरी आलं असतं."

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मी मनात 'यंत्रापेक्षा माणूस मोठा' असा शेवट तयार करून ठेवला होता. तो सांगायला सोपा आहे, कारण ते ओझं मी वाहिलेलं नाही. यंत्र जरूर यावं, लवकर यावं. फक्त ते आल्यावर वाचलेली ताकद गुडघ्याला मिळाली पाहिजे, पेटीला नव्हे. ते इंजिनियरच्या हातात नाही. ओझं किती द्यायचं हे जो ठरवतो, त्याच्या हातात आहे.

असो. आज पहाटेही पोरगं पळायला गेलं होतं. पाठीवर वाळू भरलेली बॅग घेऊन. काकांनी ती उचलून पाहिली आणि अर्धी वाळू अंगणात ओतून टाकली.