धूर दिसला, पण जळतंय काय?

न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे: पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. पण जळतंय ते लाकूड की गवत, हे नुसत्या धुरावरून कसं ठरवायचं? विसाव्या शतकाच्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञ नेमके या पेचात सापडले.

१९६६ साली हॅल्टन आर्प यांनी ३३८ चमत्कारिक दीर्घिकांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातली २२० क्रमांकाची, म्हणजे 'आर्प २२०', अंधुक आणि विस्कटलेली. पुढे १९७२ मध्ये टूमरे बंधूंनी संगणकावर गणित मांडून दाखवलं, की दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या की गुरुत्वाकर्षणाच्या ओढीनं अशा शेपट्या निघतात.

खरा धक्का बसला तो १९८३ मध्ये. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटननं मिळून 'आयरास' उपग्रह सोडला. गरम दुर्बीण स्वतःच अवरक्त किरण सोडते, म्हणून ती द्रव हेलियमनं थंड ठेवावी लागली. आयरासला दिसलं, की आर्प २२० ची जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्तात बाहेर पडते, आणि ती एक लाख कोटी सूर्यांहून जास्त आहे! आतला प्रकाश धूळ गिळते, तापते आणि उष्णता बाहेर टाकते. हाच आपला धूर.

मग अग्नी कसला? एक पक्ष म्हणाला, टकरीत वायू केंद्राकडे कोसळतो आणि तारे धडाधड जन्मतात. दुसरा म्हणाला, तो वायू कृष्णविवर गिळतंय. १९८८ मध्ये डेव्हिड सँडर्स आणि सहकाऱ्यांनी तर अशा दीर्घिकांना क्वेसारची पूर्वावस्था मानलं. १९९८ च्या जर्मनीतल्या एका परिषदेचं नावच होतं, 'राक्षस की बाळं?'

धूळ मोजून हा वाद मिटणार नव्हता. दुसरी खूण हवी होती. युरोपच्या 'आयसो' या अवरक्त वेधशाळेनं ती दिली. चार इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन दिसला, तर सामान्य ताऱ्यांपेक्षा प्रखर स्रोत हवा. १९९८ मध्येच राइनहार्ट गेन्झेल यांच्या गटानं अशा खुणा तपासल्या. बहुतेक दीर्घिकांत मोठा वाटा तरुण ताऱ्यांचा निघाला. पण अनेकांत दोन्ही अग्नी एकत्र होते.

म्हणजे 'हे की ते' हा प्रश्नच अपुरा होता. 'कुणाचा वाटा किती' असं विचारायला हवं होतं. आर्प २२० च्या गाभ्यात तर धूळ इतकी दाट आहे, की तिथे अवरक्त किरणही अडतात. आपलं अनुमान तिथे अजून जपूनच करावं लागतं.