सिगारेट कमी करण्याविषयीच्या समजुतींचे मापन

रोजच्या सिगारेटींपैकी कोणती सोडणे जमेल, कोणती जमणार नाही आणि कमी केल्याने प्रकृतीला किती लाभ होईल, याविषयी धूम्रपान करणाऱ्याला काय वाटते हे प्रश्नावलीने मोजण्याची पद्धत. आरोग्य मानसशास्त्रात आणि व्यसनमुक्ती उपचारांत तिचा उपयोग होतो.

सैद्धांतिक पाया : मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची संकल्पना मांडताना ‘मला हे जमेल’ हा विश्वास आणि ‘याचा उपयोग होईल’ ही अपेक्षा यांत भेद केला. प्रश्नावलीतही या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्या लागतात. सिगारेटी कमी करणे सोपे, पण निरुपयोगी मानणाऱ्याला लाभ समजावून द्यावा लागतो. लाभ पटलेल्या, पण धीर खचलेल्या माणसाला सरावाची व आधाराची गरज असते.

पद्धती : सकाळची पहिली, चहाबरोबरची, जेवणानंतरची, ताण आल्यावरची, मित्रांच्या घोळक्यातली अशा एकेका सिगारेटीविषयी ती टाळण्याची खात्री किती, हे अंकश्रेणीवर नोंदवून घेता येते. निकोटिनवरील अवलंबित्व मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीच्या १९९१ मधील सुधारित रूपात सहा प्रश्न व कमाल १० गुण आहेत. कोणती सिगारेट सोडणे सर्वांत जड जाईल, हा त्यांतील एक प्रश्न. ‘सकाळची पहिली’ या उत्तराला १ गुण मिळतो. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत सिगारेट पेटवणाऱ्याला ३ गुण मिळतात.

समजूत आणि वास्तव : सिगारेटींची संख्या घटली तरी माणूस अनेकदा नकळत अधिक खोल झुरके घेतो. म्हणून सांगितलेल्या आकड्याबरोबर श्वासातील कार्बन मोनॉक्साइड आणि रक्तातील, लाळेतील किंवा लघवीतील कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) हेही तपासतात. दिवसाला एक-दोन सिगारेटींनी काही होत नाही, ही समजूत घातक आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, १४१ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार रोज २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका संभवतो, त्याचा जवळपास निम्मा भाग रोजच्या एका सिगारेटीनेही ओढवतो. सिगारेटी कमी करणे ही पूर्ण सोडण्याकडे नेणारी पायरी ठरली, तरच तिचे खरे मोल आहे.

भारतीय संदर्भ : भारतात टपरीवर सुटी सिगारेट घेणारे पुष्कळ असल्याने ‘दिवसाला किती पाकिटे?’ हा प्रश्न अपुरा पडतो. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरील सचित्र इशारा किंवा १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्ती साहाय्याचा निःशुल्क क्रमांक अशा ग्राहकाच्या नजरेस सहसा पडत नाही. याच कारणाने महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली.