सापाचे घर

गेल्या नागपंचमीला इंग्लंडातून माझ्या नातवाचा फोन आला. वय वर्षे चौदा. "आबा, साप पाळायला आई एकदाची हो म्हणाली. तुम्ही लहानपणी पाळला होता ना? त्याला ठेवायचं कसं, ते सांगा."

माझ्या सर्पपालनाची कथा आमच्या घरात गेली साठ वर्षे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि सांगणारांत मीच अग्रेसर. तेव्हा पोराला काय दोष द्यावा? त्या कथेचा शेवट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. तो आज सांगतो.

आमचे गाव वारणाकाठचे. भाताच्या बांधावर मला एक नानेटी सापडली. बिनविषारी, गरीब जात. मी तिला घरी आणले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. झाकणाला खिळ्याने भोके पाडली, तळाशी कापूस अंथरला, कोपऱ्यात वाटीत दूध ठेवले आणि बिचारीला गारठा लागू नये म्हणून डबा खिडकीत उन्हाला ठेवून शाळेत गेलो. तिसऱ्या दिवशी परत आलो तो नानेटी ताठ झालेली. मी तिला परसात पुरले आणि आईला सांगितले, सुटून गेली. तीच 'सुटून गेलेली' नानेटी पुढे साठ वर्षे आमच्या घरात नांदली.

नातवाला उत्तर द्यायचे म्हणून मी जुनी-नवी पुस्तके चाळली. आयुष्य इतिहास शिकविण्यात गेले, त्यामुळे कोणत्याही प्रश्नाच्या मागे जाण्याची खोड जडलेली. तेव्हा ध्यानात आले, की माझी चूक माझ्या एकट्याची नव्हती. माणसाने सापासाठी पहिली घरे बांधली ती स्वतःकडे पाहून. आपल्याला दूध आवडते, म्हणून नागाला दूध. साप पडला मांसाहारी. दूध हा त्याचा आहारच नव्हे. तहानेने व्याकूळ केलेला नाग पुढ्यात येईल त्याला तोंड लावतो, आणि आपण हात जोडतो!

हा भाबडेपणा केवळ आपल्याकडचाच होता असे मात्र नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सर्पगृह उघडले. लोकांना पाहण्यासाठी खास सरपटणाऱ्या प्राण्यांचे घर बांधण्याचा जगातला तो पहिला उद्योग. तिथल्या अजगरांना विलायतेची थंडी बाधू नये म्हणून पिंजऱ्यात लोकरीची कांबळी देत. १८५१ साली बोआ जातीच्या एका सापिणीने ते कांबळेच गिळले आणि सुमारे पाच आठवड्यांनी ते जसेच्या तसे ओकून टाकले! लंडनकरांची घटकाभर करमणूक झाली. परंतु त्या कांबळ्यात एक मोठा गैरसमज गुंडाळलेला होता. कांबळे ऊब निर्माण करीत नाही. अंगातली ऊब राखते. माणसाच्या अंगात ती असते. सापाच्या अंगात ती बाहेरून यावी लागते. थंडगार सापाला कांबळ्यात गुंडाळले तर तो थंडगारच राहणार.

त्याच घरात १८५२ साली एडवर्ड गर्लिंग नावाच्या रखवालदाराने मद्याच्या अमलात नाग हाताळला. नागाने चेहऱ्यावर दंश केला आणि गर्लिंग त्याच दिवशी मरण पावला. तेव्हा सापाच्या घराला दोन अंगे असतात. माणूस सापापासून सुरक्षित हवा, आणि साप माणसापासून. पहिले अंग लोकांना चटकन उमगले. दुसरे उमगायला पाऊणशे वर्षे लागली.

ते ज्यांच्यामुळे उमगले त्यांत जोन प्रॉक्टर या बाईंचे नाव आदराने घेतले पाहिजे. जन्म १८९७ चा. प्रकृती कायमची तोळामासा. लहानपणी मुली बाहुल्या खेळतात तेव्हा ही मुलगी सरडे आणि साप सांभाळीत असे. एक लहानशी मगरही तिने पाळली होती. १९२३ साली लंडनच्या संग्रहालयात ती सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली आणि तिच्या आराखड्याप्रमाणे नवे सर्पगृह १९२७ साली उघडले. निरनिराळ्या प्राण्यांना निरनिराळी ऊब मिळावी अशी विजेची योजना तिने केली. साध्या काचेतून न येणारे सूर्याचे अतिनील किरण ज्यातून आत येतील, अशी खास काच बसविली. चार वर्षांनी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ती गेली. प्राण्याला काय हवे हे त्याच्याकडे बघून ठरवायचे, हा तिचा धडा मागे राहिला.

त्या धड्याला शास्त्राचा पाया १९४४ साली मिळाला. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघा अमेरिकनांनी वाळवंटातल्या सरड्या-सापांचे तापमान मोजून दाखवून दिले, की हे प्राणी हवा ठेवील तसे मुकाट राहत नाहीत. उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात अशी ये-जा करून ते आपले तापमान आपणच सांभाळतात. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. माझ्या डब्यात ऊन होते. सावलीत जायला वाट नव्हती. नानेटी भुकेने मेली नव्हती. मायेने ठेवलेल्या उन्हात ती भाजून मेली होती.

आमच्या शेजारच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीपूर्वी नाग धरून मडक्यांत ठेवण्याचा परिपाठ होता. सणानंतर त्यांना सोडून देत. आता कायद्याने त्याला पायबंद बसला आहे. पण मडके मुळात वाईट नव्हे. तमिळनाडूतील इरुळ लोकांची सहकारी संस्था १९७८ पासून विषारी साप मडक्यांतच ठेवते. आत वाळू, तोंडाला सुती कापड. सच्छिद्र मातीमुळे आत गारवा. काही आठवड्यांत ठराविक वेळा विष काढायचे आणि साप रानात सोडायचा. त्याच विषापासून सर्पदंशावरची लस तयार होते. मडके तेच, फरक आहे तो सापाच्या गरजेच्या जाणिवेचा आणि मुदत पाळण्याचा.

हे सारे वाचून मी नातवाला फोन केला. प्रथम नानेटीचा खरा शेवट सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आबा, मग आता नीट करू या."

त्याने निवडला तो कॉर्न स्नेक, अमेरिकेतला बिनविषारी साप. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात काळा रंग नसलेला असा एक साप सापडला होता. बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याच्यापासून १९६१ साली तशाच रंगाची पिल्ले निपजविली. पुढे ही जात माणसाच्या घरातच पिढ्यान्‌पिढ्या वाढली. रानातून ओढून आणलेला नव्हे, घरात जन्मलेला साप घ्यायचा, ही आमची पहिली अट.

पेटी अशी, की पूर्ण वाढलेला साप सरळ लांबला तरी मावेल. एका टोकाला २८ ते ३० अंश ऊब, दुसऱ्या टोकाला २२ ते २४ अंशांचा गारवा. ऊब बेताबाहेर जाऊ नये म्हणून तापनियंत्रक, आणि दोन्ही टोकांना तापमापक. लपायला दोन ढोली, एक उबेत, एक गारव्यात. नाहीतर भित्रे जनावर लपण्यासाठी ऊब सोडते किंवा उबेसाठी लपणे सोडते. ताजे पाणी. झाकणाला पक्की कडी, कारण डोके जाईल त्या फटीतून साप जातो. खाणे म्हणजे गोठवून ठेवलेला, पुन्हा कोमट केलेला उंदीर. पिल्लाला साधारण आठवड्यास एक. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. आणि पेटी आठवडाभर आधी चालवून पाहायची. साप मागाहून आणायचा. हा प्राणी पंधरा-वीस वर्षे जगतो, हेही त्याच्या आईला आधीच सांगून टाकले.

इथल्या बालवाचकांना मात्र एक बजावले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपले देशी साप घरी पाळणे हा गुन्हा आहे, आणि तो कायदा मला रास्त वाटतो. नानेटीचे घर भाताच्या बांधावर आहे. त्याहून चांगले तुम्ही-आम्ही काय बांधणार?

गेल्या महिन्यात नातवाने पेटीचे छायाचित्र पाठविले. पाला, पाण्याचे भांडे, दोन ढोली. साप काही दिसेना. मी विचारले, "अरे, आहे कुठे तो?"

"गार टोकाच्या ढोलीत, आबा. सकाळी गरम टोकाला होता."

मी चष्मा काढून ठेवला. जाण्यायेण्याला वाट होती.