मेजर कँडी आणि आमची लाल शाई

पूर्णविराम विसरलेल्या वाक्याखाली आम्ही वर्ध्यातील मराठीचे शिक्षक लाल रेघ ओढतो, तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्याने रुजवलेला नियम पाळत असतो. मेजर थॉमस कँडी (१८०४-१८७७) हे त्यांचे नाव. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. पुढे ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले.

मोडीत शब्द न तोडता सलग लिहिण्याची रीत होती. पोथीतला दंड प्रामुख्याने श्लोकाचा शेवट दाखवी. गद्यात कुठे थांबायचे, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. जाणत्याला ते जमे. छापील पुस्तकावरून नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलाचे काय? १८५० साली कँडींनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक लिहिले. आज मराठी वाक्य ज्या खुणांनी श्वास घेते, त्या रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

कँडींच्या कामाला दोन बाजू होत्या. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांनी साहाय्य केले आणि मोल्सवर्थने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये तडीस नेला. मोल्सवर्थच्या कोशात ग्रंथांतील शब्दांबरोबर लोकांच्या तोंडचे शब्द आणि म्हणीही आल्या. शालेय पुस्तके तपासताना मात्र त्यांना शब्दांत निवड करावी लागली. कोशकाराने वेचायचे, पाठ्यपुस्तककाराने निवडायचे. निवड झाली ती पुण्याच्या शिष्ट वळणाची.

त्या काळी आमचा मुलूख मुंबई इलाख्यात नव्हता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६२ मध्ये वर्धा जिल्हा अस्तित्वात आला, आणि १९५६ पर्यंत तो मुंबई राज्याबाहेरच राहिला. तरी शाळेत प्रमाण मराठी म्हणून रुजली ती पुणेरी वळणाचीच. म्हणून आज एखाद्या विद्यार्थिनीने ‘का’ऐवजी ‘काहून’ लिहिले, ‘येत आहे’ऐवजी ‘येऊन राहिला’ लिहिले, की आमची लाल शाई तिथेही उमटते.

या दोन रेघा सारख्या नाहीत, असे आम्हांस वाटते. विरामचिन्ह ही वाचकाची सोय आहे. ते चुकले तर सांगितलेच पाहिजे. ‘काहून’ हा मात्र घरून आलेला शब्द आहे. औपचारिक लेखनात तो का टाळायचा, हे आम्ही शिकवू; पण त्याला अशुद्ध म्हणणार नाही. कँडींचा पूर्णविराम आम्ही कृतज्ञतेने घेतला आहे. त्यांच्यातल्या कोशकाराचा कानही घ्यायला हवा होता.