चोराच्या हातची नोंद

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. तिचा माग काढताना कुणी उपरा आत शिरल्याचे खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्या ध्यानात आले. एका शनिवार-रविवारी त्यांनी सहकाऱ्यांच्या टेबलांवरून प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणले आणि बाहेरून येणाऱ्या पन्नासेक लाइनींना जोडले. संगणकातल्या नोंदी घुसखोराला पुसता येतात. कागदावरची शाई त्याच्या हाती लागत नाही. हा माग अखेर जर्मनीतल्या हॅनोवरच्या मार्कुस हेसपर्यंत पोहोचला.

नोंद पुसली जाण्याची ही भीती जुनी. चोर वहीत स्वतःच काही लिहून जाईल, हा धोका मात्र बराच उशिरा गांभीर्याने घेतला गेला.

त्याच दशकात बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालप्रणालीसाठी सिसलॉग लिहिला. प्रत्येक घडामोडीची एक ओळ, असा हा साधा रोजनामा युनिक्सच्या दुनियेत सर्वत्र रुळला. नेटवर्कवरून आलेली ओळ खरोखर कुणी पाठवली, हे तो तपासत नसे. शिवाय त्या ओळीतले काही शब्द पाहुण्याचेच असत. लॉगिन करताना त्याने जे नाव टाइप केले, ते जसेच्या तसे वहीत उतरे.

माणूस वही वाचत होता तोवर हे खपून गेले. मग वाचनाचे काम यंत्राकडे आले. २००४ साली सिरिल जाकिए यांनी फेलटूबॅन सुरू केले. लॉगमध्ये एकाच आयपी पत्त्यावरून वारंवार पासवर्ड चुकल्याचे दिसले की हा पहारेकरी फायरवॉलला सांगून तो पत्ता बंद करतो. डिनायहोस्ट्स आणि ब्लॉकहोस्ट्स ही त्याच धाटणीची साधने.

या पहारेकऱ्यांना फसवायला पासवर्ड माहीत असण्याची गरज नव्हती. ‘अमुक नावाने प्रयत्न, तमुक पत्त्यावरून’ अशी ओळ ते शोधत. हल्लेखोर नावाच्या जागीच ‘तमुक पत्त्यावरून’ हे शब्द टाइप करी आणि पत्ता दुसऱ्याचा घाली. साधन तोच पत्ता उचले आणि निरपराध माणसाला दार बंद होई. तो पत्ता खुद्द सर्व्हर सांभाळणाऱ्याचाही असू शके. पासवर्ड चुकणे हाच इथे हल्ला होता.

२००६ मध्ये डिनायहोस्ट्स आणि फेलटूबॅनमधला हा दोष सुरक्षात्रुटींच्या अधिकृत यादीत नोंदला गेला. पुढच्याच वर्षी, ओसेक हे लॉग तपासणारे साधन घडवणारे डॅनियल सिड यांनी अशा हल्ल्यांची सविस्तर मांडणी केली. नावाची वाट बुजवली तरी दुसरी उघडीच होती: जोडणी होताना पाहुण्याचा प्रोग्राम आपली आवृत्ती सांगतो, त्या मजकुरातही पत्ता दडवता येई.

यावरचा उपाय पावती लिहिणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ यातला ‘फक्त’ पुढची मोकळी जागा बंद करतो. तसेच नोंद ओळखणाऱ्या सूत्राला ओळीची सुरुवात आणि शेवट बांधून द्यायचे, म्हणजे मध्ये घुसवलेल्या पत्त्याला खरा पत्ता समजले जात नाही. तरीही २०१३ मध्ये अपाची वेबसर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या फेलटूबॅनच्या सूत्रांत हीच ढिलाई पुन्हा सापडली.

९ डिसेंबर २०२१ रोजी लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला दोष जगजाहीर झाला, तेव्हा मजल आणखी पुढे गेली होती. नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट सूत्र दिसले की ही लायब्ररी ते सोडवायला बाहेरच्या सर्व्हरकडे जाई आणि तिथून आलेला कोड चालवला जाऊ शके. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकणेही पुरेसे होते. दोषाला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. घाईने काढलेली पहिली दुरुस्ती अपुरी ठरली. काही दिवसांतच आलेल्या २.१६.० या आवृत्तीतून, मजकुरातली सूत्रे सोडवण्याची सोयच काढून टाकण्यात आली. तेव्हापासून पाहुण्याने टाइप केलेले सूत्र तिथे निव्वळ अक्षरे म्हणून नोंदले जाते.